दुसऱ्या वर्षाची फी

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून किंवा सांगलीच्या विश्रामबागेतून जाताना फ्लेक्सवरचे चेहरे बदललेले दिसतात. एरवी तिथे वाढदिवस आणि नियुक्त्या असतात, या दिवसांत कोट-टाय घातलेला एखादा कोवळा मुलगा असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्याखाली शुभेच्छुकांची नावं, वीस-पंचवीस तरी. यांतले किती जण कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही करायला आले होते, हे मला विचारू नका. मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे.

आपल्याकडे परदेशी शिक्षणाचा सगळा सोहळा निघण्याचा असतो, आणि सरकारी शिष्यवृत्त्यांचा रोखही बहुतेक तिकडेच आहे. प्रवेशाचं पत्र, जागतिक क्रमवारीतला विद्यापीठाचा नंबर, उत्पन्नाचा दाखला, निवड यादी. यादीत आलात तर सगळं मिळतं, नाही आलात तर काहीच नाही. मग जो मुलगा किंवा मुलगी घरच्या पैशावर, म्हणजे बहुतेक वेळा घरच्या कर्जावर निघते, तिथे पोचून पहिल्या वर्षात उत्तम गुण मिळवते, तिच्याकडे पुन्हा वळून बघणारी व्यवस्था आपल्याकडे जवळजवळ नाहीच. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वखर्चाने गेलेल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती हवी, ती निघताना न देता मध्यावर द्यावी, आणि ती सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांनी आपल्या पैशातून उभारावी.

ही कल्पना काही जगावेगळी नाही. चीनने २००३ मध्येच आपल्या स्वखर्चाने परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पुरस्कार सुरू केला. तो प्रामुख्याने पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे आणि रक्कम साधारण ६,००० डॉलर. सरकारने एक छदाम खर्च न करता जे पोर गेलं, त्याच्या कामाची दखल सरकार नंतर घेतं. जपान हेच उलट्या बाजूने करतो: स्वखर्चाने जपानला आलेल्या परदेशी मुलांना तिथे चांगलं शिकत असल्याबद्दल महिन्याला ४८,००० येन देतो. जर्मनीत २०११ पासून 'डॉइचलंडश्टिपेंडियम' आहे. महिन्याला ३०० युरो, त्यातले निम्मे केंद्र सरकारचे आणि निम्मे कुठल्या तरी कंपनीचे, संस्थेचे किंवा माजी विद्यार्थ्याचे. विद्यार्थी कुठल्या देशाचा, हा प्रश्नच नाही. चीनचा हेतू उघड आहे, हुशार माणसांशी असलेला धागा तुटू द्यायचा नाही. तो हेतू आपण उचलावा असं मला वाटत नाही. पण पैसे कधी द्यायचे, याची वेळ त्या सगळ्यांनी बरोबर निवडली आहे.

ही वेळ का महत्त्वाची, ते कर्जाच्या फायलीत दिसतं. आपल्या भागातल्या शेतकरी बापाकडे मालमत्ता नसते असं नाही. कृष्णाकाठी तीन एकर बागायती असते, बाजारभाव काढला तर कोटीच्या घरात जाते. पण शैक्षणिक कर्जाला बँक शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार नसते. कारण थकीत कर्जासाठी तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे, कर्ज थकलं तर त्या कायद्याखाली बँकेला तिला हात लावता येत नाही. कायदा शेतकऱ्याच्या भल्यासाठीच आहे, तक्रार नाही. परिणाम मात्र असा की सातबारा घेऊन आलेल्या माणसाला आम्ही विचारायचो, 'एनए प्लॉट आहे का? शहरात फ्लॅट?' गावठाणातलं घर असतं, पण त्याचा ग्रामपंचायतीचा उतारा सोडून दुसरा कागद नसतो. विनातारण कर्जाची सर्वसाधारण मर्यादा साडेसात लाख, आणि अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमएसला तीस-चाळीस लाख सहज लागतात. मग सुरू होते जुळवाजुळव. थोडं खासगी वित्तसंस्थेकडून, बँकेपेक्षा दोन-तीन टक्के चढ्या व्याजाने. थोडं पतसंस्थेतून. आईचं सोनं गहाण. चुलत्याकडून चार लाख, परतीची तारीख न लिहिता, म्हणजे कधीही मागता येतील असे. रस्त्याकडेचे पाच गुंठे विकले जातात. याला आपण 'स्वखर्च' म्हणतो.

एवढं करूनही पहिलं वर्ष पार पडतं, कारण सगळा जोर पहिल्या वर्षासाठीच लावलेला असतो. व्हिसासाठी पैसे दाखवावे लागतात. जर्मनीला जायचं तर वर्षाचे ११,९०४ युरो आधी गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. म्हणजे बारा महिन्यांची रोटी-भाजी आणि खोलीभाडं निश्चित. तेरावा महिना कुणी बघितलेला नसतो. पोराला वाटतं, तोवर अर्धवेळ काम मिळेल. कधी मिळतं. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं, आणि तेवढ्या जागांसाठी रांग लागलेली असते.

त्यात रुपया. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या डिसेंबरात तो ९० च्या वर गेला. दुसऱ्या वर्षाची फी २०,००० डॉलर असेल तर नुसत्या या घसरणीने घरच्यांवर एक लाख चाळीस हजारांचा बोजा वाढला. विद्यार्थ्याने काही चूक केली नाही, विद्यापीठाने फी वाढवली नाही. बँकेने कर्ज मंजूर केलेलं असतं रुपयांत, त्यामुळे शेवटच्या हप्त्याला ते कमी पडतं. वाढीव कर्जाचा अर्ज करायचा तर पुन्हा उत्पन्नाचे दाखले, पुन्हा जामीनदार, आणि तोवर फीची तारीख निघून जाते. अशा वेळी फोन येतो तो बहुतेक बापाला न येता मामाला येतो, 'दादांना सांगू नका, पण दीड लाखाचं बघता का?'

या दीड लाखापायी मुलं काय करतात, तेही सांगितलं पाहिजे. नियमाबाहेर काम करतात, पकडली गेली तर व्हिसा जातो. तीन विषय घ्यायचे तिथे दोन घेतात, मग नियमात बसत नाहीत. चांगल्या प्राध्यापकाच्या प्रकल्पावरची बिनपगारी जागा सोडून रात्रपाळीला गोदामात जातात, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्या प्रकल्पाचीच उणीव भासते. लाखो रुपये लावलेली गोष्ट शेवटच्या दीड-दोन लाखांसाठी हिणकस होते. उसाला लागणीपासून सगळं देऊन शेवटचं पाणी चुकवण्यासारखं आहे हे.

साताऱ्याला हे कुणी सांगावं लागू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात आणि २०१७ पासून राज्यभर त्या तारखेला विद्यार्थी दिवस साजरा होतो. भाषणांत सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख होतो: १९१३, कोलंबिया, महिना साडेअकरा पौंड. पण पुढचा भाग भाषणात सहसा येत नाही. ती शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धं टाकून बाबासाहेबांना परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार कर्जाऊ घेतले, शाहू महाराजांनी दीड हजार दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डीएससी झाले. म्हणजे दुसऱ्या खेपेला ते आजच्या भाषेत स्वखर्चाने शिकणारे विद्यार्थी होते. पूर्ण शिष्यवृत्तीने त्यांना जगाचं दार उघडून दिलं हे खरंच, पण अर्ध्यावर राहिलेलं शिक्षण पुरं झालं ते साठवलेल्या पगारावर, मित्राच्या कर्जावर आणि वेळेवर आलेल्या दीड हजारांवर.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण या विषयावर बोलणाऱ्यांची जीभ लगेच आरक्षणाकडे वळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, १२५ जागा. मराठा-कुणबी समाजासाठी 'सारथी'ची योजना अलीकडे आली. यातल्या एकाही रुपयाला हात न लावता मी बोलतो आहे. उलट तिथलाच पैसा अपुरा आहे. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रं मिळाली आणि बाकीच्यांना निधी उपलब्ध होईल तसं बघू, असं कळवण्यात आलं. निवड झाल्यावर निधीची वाट बघायला लावणं ही क्रूर चेष्टा आहे. आणि ज्यांची त्या यादीत निवड होत नाही, त्या समाजांतली मुलंही कर्ज काढून जातातच. त्यांच्यासाठीही मध्यावरची मदत हवी.

सरकारच्या निकषांत मला खरी खोट दिसते ती क्रमवारीची. राज्याच्या शिष्यवृत्तीला क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेंत विद्यापीठ हवं. कागदावर ठीक वाटतं. पण सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर पडलेला, यंत्रशास्त्रात गती असलेला मुलगा जर्मनीतल्या एखाद्या होखशूलमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उपयोजित शिक्षणसंस्थेत जातो. तिथे बहुतेक ठिकाणी फी नाही, कारखान्यांशी थेट संबंध आहे, नोकरीची वाट सरळ आहे. ही होखशूलं बहुतेक त्या यादीत येतच नाहीत, कारण त्यांचा घाट वेगळा आहे. म्हणजे कमी खर्चाचा, शहाणपणाचा मार्ग धरणारा बाद आणि महागड्या नावाच्या मागे लागणारा पात्र. विद्यापीठाचा नंबर बघण्यापेक्षा मुलाने पहिल्या वर्षात काय केलं ते बघा. ती गुणपत्रिका कुठल्याही क्रमवारीपेक्षा जास्त बोलते, आणि मध्यावर देण्याचा फायदाच हा की ती तोवर हातात आलेली असते.

जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या निधीला हे कधीच कळलं होतं. तो मुळात कर्ज-शिष्यवृत्ती देतो, आणि तिथे जाऊन चांगली कामगिरी केली तर त्यावर बक्षीस रक्कम. त्या निधीच्या पहिल्या मानकरी दोन स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या कृष्णाबाई केळवकर आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या. एकशे तीस वर्षांपूर्वी. पण बँकेत आमच्याकडे मुलीच्या कर्जाची फाईल यायची तेव्हा बाप हमखास विचारायचा, 'लग्न झाल्यावर हप्ते कुणी भरायचे?' मुलाच्या फाईलला हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. ज्या घराने मुलीला एवढं मागे-पुढे करून पाठवलं, ते घर दुसऱ्या वर्षी पैसे कमी पडले की 'परत ये' म्हणायला वेळ लावत नाही. म्हणून मध्यावरच्या मदतीत निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात. यावर चर्चा करायची माझी तयारी नाही.

आता पैसा कुठून. कुणीतरी लगेच म्हणेल, साखर कारखाने आहेत, टनामागे एक रुपया कापा. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे दहा लाख जमतील. हिशेब बरोबर, विचार चुकीचा. उसाच्या बिलातून आधीच कशाकशासाठी कापलं जातं, आणि दुसऱ्याचं पोर म्युनिकला शिकावं म्हणून ज्याचं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेतच अडकलं आहे त्या शेतकऱ्याने रुपया का द्यावा? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्याच कारणाने जिल्हा नियोजनाचा पैसाही यात नको. शाळेची गळती काढायला तो अजून पुरत नाही.

कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचं दार जवळजवळ बंद आहे. २०२१ च्या नियमांनी, खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा अपवाद सोडला, तर देशाबाहेरच्या उपक्रमांवरचा खर्च त्यात धरला जात नाही. धर्मादाय ट्रस्टचे सीएही परदेशी खर्च म्हटलं की हात आखडता घेतात.

पण पैसे परदेशी पाठवायचेच कशाला? मुलाचं कर्ज सांगलीच्या शाखेत आहे, त्याचं व्याज तिथेच भरा. तीस लाखांच्या कर्जावर साडेदहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं तीन लाख पंधरा हजार. शिक्षण चालू असताना आणि पुढे वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज साचतच असतं. पहिल्या वर्षी निम्मी उचल धरली तरी तीन वर्षांत तीसाचे अडतीस लाख होतात आणि दहा वर्षांच्या परतफेडीचा हप्ता साधारण साडेचाळीस हजारांऐवजी एक्कावन्न हजारांवर जातो. हे व्याज शिकत असतानाच भरलं तर अनेक सरकारी बँका व्याजदरात एक टक्का सूटही देतात. त्या सुटीचा फायदा घेणारी घरं मी फार थोडी पाहिली, कारण त्या काळात कुणाकडे पैसे नसतातच. स्थानिक निधीने दुसऱ्या वर्षाचं व्याज शाखेत भरलं की पैसा जिल्ह्याबाहेर जात नाही, परकीय चलनाची भानगड नाही, आणि आई-बापाने व्याजासाठी बाजूला काढलेले पैसे फीच्या तुटीला मोकळे होतात. इतर मागासवर्ग महामंडळाची व्याज परताव्याची योजना याच वाटेने जाते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'पढो परदेस' ही व्याज अनुदानाची योजना होती, ती २०२२ मध्ये बंद केली. साधन चांगलं होतं, मोडून टाकलं.

सरकारचं या मुलांकडे लक्षच नाही असंही म्हणता येत नाही, कर वसूल करायचा असला की असतं. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवरचा टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल केला जाणारा कर, १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकला, चांगलं झालं. पण स्वतःचे, म्हणजे गुंठे विकून आलेले आणि चुलत्याकडून घेतलेले पैसे वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवले तर तो आहेच. परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तर. शेतीच्या उत्पन्नावर कर नसल्यामुळे ज्याने जन्मात विवरणपत्र भरलं नाही, त्या बापाला हे कोण सांगणार?

पैशाच्या खऱ्या जागा दोन. एक, माजी विद्यार्थी. विलिंग्डन १९१९ चं, वालचंद १९४७ चं, कराडचं अभियांत्रिकी १९६० चं. या तीन कॉलेजांतून गेलेली माणसं जगभर आहेत. त्यांच्या मेळाव्यांत इमारतीच्या पायऱ्यांना नावं देण्यासाठी पैसे जमतात, ते मी पाहिलं आहे. दुसरी जागा, विट्याचे आणि खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक. दुष्काळाने गाव सोडायला लावलेली ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी केरळपासून पंजाबपर्यंत पसरली. हुशार पोरं गेली की जिल्हा ओस पडतो, त्यांना का पोसायचं, असं विचारणाऱ्यांनी या भागात एकदा फिरून यावं. त्यांना कुणी परत यायची अट घातली नव्हती. तरी देवळाच्या शिखरापासून शाळेच्या खोल्यांपर्यंत गावोगाव त्यांचा पैसा दिसतो. म्हणून परत येण्याचा बाँड मला नको. परदेशात कर्ज फेडणाऱ्याला बाँडची भीती घातली की तो पत्ता बदलतो, एवढंच होतं.

मात्र फुकट काहीच देऊ नये. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' याच मातीत रुजवलं. ज्याला मदत मिळाली त्याने त्याबदल्यात एक काम करावं: खरा हिशेब लिहून द्यावा. एकूण खर्च किती आला, सल्लागाराने किती सांगितला होता, खोली कशी मिळाली, अर्धवेळ काम किती आठवड्यांनी लागलं, पदवीनंतर नोकरीला किती महिने गेले, आणि पुन्हा निवड करायची असती तर हेच विद्यापीठ घेतलं असतं का. हा कागद कॉलेजच्या वाचनालयात कुणालाही बघायला मिळावा. परदेशी पाठवणाऱ्या सल्लागारांच्या दुकानांत भिंतीवर हसरे फोटो असतात. त्या फोटोंतल्या मुलांनी स्वतः लिहिलेला हिशेब कुठेच नसतो. काही कागदांत 'जाऊ नका' असंही निघेल. निघू दे, एखाद्या घराचे तीस लाख वाचले तर तीही शिष्यवृत्तीच झाली.

धोका उघड आहे, तो म्हणजे संचालकाचा भाचा. आपल्याकडे निधी जमण्याआधी समिती जमते आणि समितीत आडनावं तीच असतात. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: निवडीला मुलाखत नको, शिफारस नको. तीन कागद हवेत. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, बँकेचा कर्ज उतारा आणि दुसऱ्या वर्षाच्या फीची मागणी. रक्कम बँकेच्या खात्यातच जाणार, हातात कुणाच्याच नाही. आणि निवडलेल्यांची नावं रकमेसह कॉलेजच्या फलकावर लावायची, नाकारलेल्यांची संख्याही. मुलाचा बाप कोण, हे विचारायला अर्जात रकानाच ठेवू नये.

सुरुवात पन्नास मुलांपासून करता येईल. प्रत्येकी तीन लाख धरले तर दीड कोटी. दोन जिल्ह्यांना हा आकडा डोईजड नाही. एका माजी विद्यार्थी मेळाव्यात त्याचा चौथा हिस्सा उभा राहू शकतो, बाकीचा त्या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. वेळापत्रक मात्र पक्कं हवं. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाचे निकाल मे-जूनमध्ये येतात आणि दुसऱ्या वर्षाची फी ऑगस्टमध्ये मागतात. म्हणजे अर्ज जूनअखेर, यादी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. उद्घाटनाला मंत्र्यांची तारीख मिळेपर्यंत थांबायचं ठरलं तर ते पैसे यंदा कुणाच्याच कामाला येणार नाहीत.